पिराजी एडिशन

"औंदा खंडेनवमीला कॅमेरा कव्हरातून भाईर काढून पूजा करायची," चहाची बशी खाली ठेवत पिराजी म्हणाले. "तीन साल झाले, नुसत्या कव्हरालाच हळद-कुकू वाहून राहिलो. मशीनला जरा वारं लागाय पाहिजे."

वडिलांचं हे ऐकून व्यंकटला ठसका लागला. खंडेनवमी आठ दिवसांवर आली होती आणि कव्हरात कॅमेरा नव्हता. कव्हरात कपडे धुण्याचा साबण होता.

उमरीच्या बसस्टँडसमोर 'तनुजा डिजिटल फोटो स्टुडिओ' आहे. लग्न झालं त्या वर्षी व्यंकटने बायकोचं नाव पाटीवर घातलं. त्यानंतर दुकानातली प्रत्येक वस्तू त्याने किमान दोनदा बदलली, पाटी तेवढी टिकली. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन हे सगळं तनुजा बघते, म्हणून घर चालतं. व्यंकट लग्नं करतो, म्हणजे लोकांची. आणि दोन लग्नांच्या मधल्या काळात तो घेतो आणि विकतो. कॅमेरा घेतला की त्याला शोभेल अशी लेन्स लागते. लेन्स आली की तिच्यापुढे कॅमेरा फिका वाटतो, म्हणून कॅमेरा विकावा लागतो. नवा कॅमेरा आला की त्याला ती लेन्स बसत नाही. हे चक्र बारा महिने चालू असल्यामुळे फोटो काढायला फारसा वेळ उरत नाही, पण त्याचं व्यंकटला काही वाटत नाही.

शिवाय खोकी. बिल-बॉक्ससकट वस्तू विकली की चार पैसे जास्त येतात, म्हणून व्यंकटने आजवर एकही खोकं फेकलं नव्हतं. दुकानाच्या माळ्यावर छताला टेकतील इतकी खोकी होती. ज्या वस्तू विकल्या त्यांची खोकी द्यायची राहून गेली होती, आणि ज्या वस्तू घरात होत्या त्यांची खोकी ऐन वेळी सापडत नव्हती.

या सगळ्याला वैतागून तीन वर्षांपूर्वी तनुजाने कायदा केला होता. "एक वस्तू आत आली की एक भाईर गेली पाहिजे. न्हाईतर मी जाईन भाईर." नेमकी त्याच दिवशी व्यंकटने नवी फ्लॅश आणली होती. मग बाहेर काय काढायचं? चालू वस्तूवर हात टाकवेना. शेवटी त्याने सगळ्यात बिनकामाची वस्तू शोधली, त्याचा पहिलावहिला कॅमेरा. फिल्म रोलचा. रोल उमरीत मिळायचे बंद होऊन जमाना झाला होता. मुदखेडच्या अण्णाराव फोटोग्राफरला त्याने तो दोन जुन्या बॅटऱ्यांच्या बदल्यात देऊन टाकला.

आता तो कॅमेरा म्हणजे साधीसुधी वस्तू नव्हती. पोराला फोटोग्राफर व्हायचंय म्हटल्यावर पिराजींनी दावणीची जाफराबादी म्हैस विकून तो आणला होता. आणला आणि घरी यायच्या आधी नांदेडच्या भांडेगल्लीत नेऊन त्याच्यावर नाव टाकून घेतलं होतं. त्यांच्या घरात तांब्यापासून परातीपर्यंत नाव नसलेली वस्तू नव्हती, मग एवढी महागाची वस्तू बिननावाची कशी ठेवायची? कॅमेऱ्याच्या बुडाला कोरलेलं होतं, 'पिराजी यांजकडून चि. व्यंकटास'. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पिराजी ही हकीकत सांगत. म्हशीचं नाव चंद्री, दूध बारा लिटर, आणि ती टेम्पोत चढताना मागं वळून कशी बघत होती, इथपर्यंत. ते ऐकताना पाहुणा पाकिटाच्या दुधाचा चहा पीत असे.

म्हणून कॅमेरा गेल्याचं सांगायचं धाडस व्यंकटला झालं नाही. कातडी कव्हर घरातच राहिलं होतं. साबणाची वडी वजनाला बरोबर बसली. "उघडलं की धूळ जाती दादा, लेन्स खराब होती," असं सांगून त्याने पहिली खंडेनवमी मारून नेली. दुसऱ्या वर्षी साबण वाळून हलका झाला, म्हणून नवी वडी घातली. तिसऱ्या वर्षीही. "दर साली नवरात्रातच माझा साबण कसा काय गायब होतो?" असं तनुजा विचारायची आणि व्यंकट उंदरांवर घालायचा.

पिराजी बाहेर गेले तसा व्यंकट मोबाइल घेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत शिरला.

"अण्णा, त्यो माझा जुना रोलचा कॅमेरा हाय का तुमच्याकडं?"

"कवाच गेला की रे," अण्णाराव म्हणाले.

"कुणाकडं?"

"एका मित्राकडं हाय."

या धंद्यात मित्राला फार महत्त्व आहे. कुठलाही फोटोग्राफर स्वतःसाठी काही घेत नाही आणि स्वतःचं काही विकत नाही. 'एका मित्राला पाहिजे' म्हणजे मलाच पाहिजे, पण माझी गरज बघून भाव वाढवू नका. 'एका मित्राकडं हाय' म्हणजे माझीच आहे, पण माझ्या तोंडावर भाव पाडू नका. नांदेड आणि लातूर मिळून चारेकशे फोटोग्राफर असतील, तर त्यांचे मित्र आठशे. त्यामुळे कॅमेरा अण्णारावांकडेच आहे, असा व्यंकटने सरळ अर्थ काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खराखुरा मित्र सांगत होतं, हे त्याच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं.

"मित्राला इचारा ना. लई अर्जंट हाय."

"इचारतो. दोन-चार दिवस थांब."

व्यंकट दोन दिवस थांबला. अण्णाराव फोन उचलेनात. तिसऱ्या दिवशी त्याचा धीर सुटला आणि त्याने 'नांदेड-लातूर फोटोग्राफर खरेदी-विक्री' या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "एका मित्राला पाहिजे. रोलचा जुना कॅमेरा. बुडाला पिराजी असं कोरलेलं असावं. चालू-बंद कसाही चालंल. अर्जंट."

मेलेला कॅमेरा कुणाला अर्जंट हवाय म्हटल्यावर चारशे फोटोग्राफरांचे कान टवकारले. कॅमेऱ्यात काही नाही, म्हणजे जे काही आहे ते 'पिराजी'त आहे.

"पिराजी म्हंजे काय?" देगलूरच्या एकाने विचारलं.

"एडिशन हाय," उदगीरहून उत्तर आलं. "जपानी कंपनीनं मोजकेच पीस काढले होते. आतली काच येगळी असती."

संध्याकाळपर्यंत पिराजी एडिशनचा अख्खा इतिहास तयार झाला. ते पीस फक्त दक्षिण भारतात आले होते. त्यांचं शटर हाताने बसवलेलं होतं. औशाच्या एका बुजुर्गाने लिहिलं, "माझ्याकडे होता. काय स्किन टोन यायचा! नवरी सावळी असो की गोरी, फोटोत नुसती लोणी. मूर्खासारखा विकला." त्याखाली सत्तावीस जणांनी हात जोडले. दोघांनी रडकी तोंडं टाकली, कारण त्यांनीही, आता आठवतं त्याप्रमाणे, आपापले पिराजी असेच विकले होते.

नांदेडला वजिराबादेत दयानंदचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. त्याने व्यंकटला फोन केला, "व्यंकटभाऊ, तुमच्या मित्राला मी काढून देतो पिराजी," आणि लगेच लातूरच्या दुसऱ्या एका ग्रुपवर टाकलं, "एका मित्राला पिराजी एडिशन पाहिजे. योग्य किंमत मिळेल." लातूरच्या माणसाने ते सोलापूरला पाठवलं. सोलापूरच्या माणसाला वाटलं, पुण्याचं नाव घातलं की वजन येतं. दुसऱ्या दिवशी फिरत फिरत तो निरोप उमरीत व्यंकटच्याच मोबाइलवर येऊन पडला, "पुण्याच्या पार्टीला पिराजी एडिशन हवा. दहा हजारापर्यंत तयारी."

व्यंकटच्या पायाखालची जमीन सरकली. आपल्या बापाचं नाव कोरलेल्या कॅमेऱ्यावर पुण्याच्या कुणाचा तरी डोळा आहे!

"दयाभाऊ, माझा मित्र पंधरा देतो म्हणतो," त्याने कळवलं.

दयानंदने पंधरा लातूरला कळवले. लातूरहून ते सोलापूरला गेले आणि परत आले तेव्हा पुण्याची पार्टी वीसवर गेली होती. व्यंकट तीसवर गेला. पार्टी चाळीसवर गेली. व्यंकटने दात-ओठ खाऊन पंचेचाळीस केले. रात्रीत पार्टी पन्नासवर. समोरचा हटायला तयार नव्हता, कारण समोरचा व्यंकटच होता.

"आवो, कुणाशी भांडून राहिले सकाळपासून?" झेरॉक्स काढता काढता तनुजाने विचारलं.

"पुण्याचा एक हाय. लई माजलाय."

"मग तुमी सोडून द्या ना."

"मी कामून सोडू? त्यानं सोडावं."

इकडे ग्रुपवर पिराजी उगवायला लागले होते. किनवटला एक सापडला, निलंग्याला दोन. चौथ्या दिवशी ते अकरा झाले. व्यंकटने प्रत्येकाला बुडाचा फोटो मागितला. प्रत्येक बुडाला 'पिराजी' कोरलेलं होतं, तेही कालच कोरल्यासारखं चकचकीत. एकाने तर लाकडी स्टँडच्या पायावर पिराजी कोरून 'मॅचिंग आहे' म्हणून पाठवलं होतं. पण 'चि. व्यंकटास' एकावरही नव्हतं. ती खूण व्यंकटने कुणाला सांगितली नव्हती, एवढं एक शहाणपण त्याच्या हातून झालं होतं.

खंडेनवमीला तीन दिवस उरले तेव्हा त्याला वाटलं, अकरा जण करतात तर आपण का नको? त्याच मेकचा मेलेला कॅमेरा घ्यायचा, तसंच नाव टाकून घ्यायचं, दादांच्या डोळ्याला आता काय बारीक दिसतंय?

"दादा, नांदेडला जाऊन येतो जरा," तो पिराजींना म्हणाला.

"जा की. मलाबी मुदखेडला जायाचंय," पिशवी काखोटीला मारत पिराजी म्हणाले. "एका मित्राकडं काम हाय."

म्हातारा दिवसभर बाहेर असणार म्हणून व्यंकटला हायसं वाटलं. दोघं एकाच पॅसेंजरने निघाले. पिराजी मुदखेडला उतरले. उतरताना पिशवी त्यांनी अंड्यांची असल्यासारखी धरली होती, पण व्यंकट तेव्हा मोबाइलवर पुण्याच्या पार्टीला शिव्या घालत होता.

दयानंदकडून मेलेला कॅमेरा घेऊन तो भांडेगल्लीत आला आणि जागीच थांबला. भांड्यांवर नाव टाकणाऱ्या शेषेरावांच्या टपरीपुढे रांग होती. रांगेत एकाच्याही हातात भांडं नव्हतं. सगळ्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं, आणि कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हतं. भोकरचा एक ओळखीचा फोटोग्राफर व्यंकटला बघून म्हणाला, "डबा हाय. घरच्यांचा डबा."

तासाभराने नंबर लागला.

"पिराजीच ना?" मान वर न करता शेषेरावांनी विचारलं. "कालपासून तेच करून राहिलो. कोण हाय हा पिराजी? वारला का?"

"मामा, जरा जास्त मजकूर हाय. पिराजी यांजकडून चि. व्यंकटास."

शेषेरावांचं यंत्र घरघरलं. तीस वर्षांत त्यांनी लग्नाच्या आहेराची इतकी भांडी कोरली होती की अमक्याकडून चिरंजीव तमक्यास म्हटल्यावर पुढचा मजकूर हात आपोआप लिहीत असे. व्यंकटने कॅमेरा उलटा करून पाहिला. बुडाला सुंदर वळणदार अक्षरांत होतं, 'पिराजी यांजकडून चि. व्यंकटास शुभविवाहानिमित्त सप्रेम भेट'.

"मामा! शुभविवाह कुठनं आला?"

"चि. म्हणला की तू."

"माझं लगीन होऊन चौदा साल झाले!"

"मग भेट द्यायला उशीर झाला म्हणावं," शेषेराव म्हणाले. "सरका, मागं लोक हायेत."

नाव टाकलेलं भांडं परत कोण घेतं? व्यंकट तो कॅमेरा पिशवीत कोंबून परतीच्या गाडीत बसला. त्याला आता खरोखर भीती वाटायला लागली होती. रागावतील, ओरडतील, याची भीती नव्हती. दादा ओरडणारे नव्हतेच. चंद्री विकली त्या दिवसापासून आठ दिवस ते गोठ्याकडे फिरकले नव्हते, आणि तरी पोराला म्हणाले होते, "तू फोटो चांगले काढ, बाकीचं मी बघतो." त्या माणसाला आपण तीन वर्षं साबणाला हात जोडायला लावले. हे त्यांना कळलं तर ते नुसते गप्प बसतील, आणि ते गप्प बसणं आपल्याला जन्मभर पुरेल, असं व्यंकटला वाटलं.

गाडी मुदखेडला थांबली तेवढ्यात मोबाइल वाजला. अण्णारावांनी फोटो पाठवला होता. निळ्या काठाच्या उपरण्यावर पालथा ठेवलेला कॅमेरा, आणि बुडाला झिजलेली अक्षरं, 'पिराजी यांजकडून चि. व्यंकटास'. व्यंकटच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. असलं उपरणं दादांकडेही आहे, असं त्याच्या मनात आलं. पण असली उपरणी उमरीच्या बाजारात ढिगाने मिळतात.

त्याने लगेच फोन लावला. "अण्णा, हाच! हाच हाय!"

"मित्र द्यायला तयार हाय," अण्णाराव म्हणाले. "पर पुण्याची पार्टी कुठवर गेली म्हणतात?"

"साठ."

"मित्राला बी तेच कळलंय. त्याच्यावर पाच दे म्हणतो. उद्या ये अन् घेऊन जा."

पासष्ट हजार. व्यंकटकडे एवढ्या मोलाची एकच वस्तू होती, लांबून फोटो काढायची मोठी पांढरी लेन्स. ती घेण्यासाठी त्याने दोन वर्षांत सात वस्तू विकल्या होत्या, आणि आश्चर्य म्हणजे ती घेतल्यापासून एकदाही विकावीशी वाटली नव्हती. तुळशीच्या लग्नानंतर लग्नाच्या तिथी सुरू होणार होत्या. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती उचलली.

"कामून विकून राहिले एवढी चांगली लेन्स?" दयानंदने डोळे बारीक करून विचारलं.

"माझी न्हाई. एका मित्राची हाय."

"मित्र अडचणीत हाय का?"

"लई," व्यंकट म्हणाला.

दुपारी मुदखेडला अण्णारावांच्या हातात पैसे ठेवून त्याने कॅमेरा घेतला. घरी येऊन कव्हरातली वडी काढली आणि कॅमेरा आत सरकवला. बटण लावलं. मग साबण नेऊन त्याने न्हाणीत ठेवला.

"उंदीर परत देऊन गेला वाटतं," तनुजा म्हणाली.

खंडेनवमीच्या सकाळी घरात पूजा मांडली होती. विळा, खुरपी, कुदळ, तनुजाची कात्री, आणि हलवता येत नाही म्हणून दुकानातल्या झेरॉक्स मशीनच्या नावाने एक कोरा कागद. व्यंकटचे कॅमेरे ओळीने बसले होते. सगळ्यांना झेंडूची फुलं वाहून झाली. मधोमध कातडी कव्हर होतं.

पिराजींनी कव्हर उचललं. बटण काढलं. कॅमेरा बाहेर आला. पिराजींनी तो उलटा केला, बुडावरून अंगठा फिरवला, मग नाकाशी नेला.

"साबणाचा वास मारून राहिला," ते म्हणाले.

व्यंकट झेंडूची फुलं उगाच सारखी करायला लागला.

"पयल्याच साली मारत होता. मी म्हटलं, कॅमेऱ्याला असा वास कसा काय येतो. तू आंघोळीला गेल्यावर उघडून पाह्यलं."

तेवढ्यात अंगणात टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक दमदार रेकणं. व्यंकट दारात धावला. टेम्पोच्या मागच्या फळीवरून अण्णाराव दोर धरून उतरत होते आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला काळीभोर, कपाळ पुढे आलेली, शिंगं मागे वळलेली म्हैस होती.

"मी खरंच सांगितलं होतं बाबा," अण्णाराव ओशाळं हसत म्हणाले. "एका मित्राकडं हाय म्हणून."

व्यंकटने म्हशीकडे पाहिलं, अण्णारावांकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. त्याच्या डोक्यात पासष्ट हजारांचा सगळा प्रवास उलट्या दिशेने फिरून आला.

"म्हंजे कॅमेरा तुमच्याकडं होता?"

"तीन सालांपासनं. अण्णानंच सांगितलं, मग त्याला एक पोतं हळद देऊन आणला."

"ठेवला कुठं होता?"

"तुझ्याच दुकानाच्या माळ्यावर. तुझ्याच एका रिकाम्या खोक्यात," पिराजी शांतपणे म्हणाले. "तुझ्या त्या पसाऱ्यात एक नग जास्त हाय का कमी, तुला कुठं कळतंय? त्या दिशी काढून मुदखेडला नेला तवा गाडीत तुझ्या समोरच बसलो होतो."

व्यंकट ओट्यावर मटकन बसला. "अन् पासष्ट हजार, दादा?"

"किंमत मी न्हाई वाढवली. मी तर पाचशेच म्हणालो होतो, तेवढाच तुला धडा. अण्णाचा फोन आला, म्हणे पुण्याची पार्टी आली. म्हटलं, येऊ दे. दुसऱ्या दिशी म्हणे पोरगं तीसवर गेलं. म्हटलं, जाऊ दे. एवढा मोठा झालास, तुला आडवा कशाला येऊ?"

"पुण्याची पार्टी कोण हाय ते कळलं का पर?" व्यंकटने आशेने विचारलं.

"तुमीच," दारातून तनुजा म्हणाली. "मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तुमी दयानंदभाऊला आकडा सांगायचे अन् दोन तासांनी पुण्याचा आकडा यायचा. मी म्हणलं पण, सोडून द्या म्हणून. तुमी म्हणले, त्यानं सोडावं."

पिराजी व्यंकटशेजारी येऊन बसले.

"कॅमेरा इकल्याचं वाईट न्हाई वाटलं मला," ते म्हणाले. "वस्तू हाय, येती, जाती. मी चंद्री इकलीच की. पर मला साबणाला हात जोडायला लावलंस, त्याचं लई वाईट वाटलं. दर साली म्हणायचो, आज सांगंल. औंदा म्हणून कव्हर काढायचं म्हणालो, म्हटलं आता तरी तोंड उघडंल. तर तू चारशे लोकांला इचारलंस अन् मला न्हाई."

"चुकलं, दादा," व्यंकट म्हणाला. "भीती वाटली तुमची."

"बापाची भीती असावी. पर पासष्ट हजाराची नसावी," पिराजी म्हणाले आणि उठून म्हशीच्या पाठीवरून हात फिरवू लागले. एवढ्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान व्यंकटने पाहिलं नव्हतं. तनुजाने आरतीचं ताट आणून म्हशीला कुंकू लावलं.

"एक लेन्स भाईर, एक म्हैस आत," ती म्हणाली. "नियमात बसतं."

"व्यंकट, काढ की एक फोटो," अण्णाराव म्हणाले. "म्हातारा अन् म्हैस."

व्यंकट कॅमेरा घेऊन आला. दोन पावलं पुढे गेला तशी म्हशीने शिंगं हलवून फुसकारा सोडला.

"नवीन माणसाला जवळ येऊ देत न्हाई ती," पिराजी म्हणाले. "लांबून काढ."

"लांबून काढायची लेन्स इकली ना, दादा."

शेवटी तनुजाने मोबाइलवर फोटो काढला. अण्णारावांनी चहा घेतला, घट्ट दुधाचा, आणि ते टेम्पोत बसून गेले. ग्रुपवर त्या दिवशी पिराजी एडिशनचा भाव पडल्याची चर्चा होती. पुण्याच्या पार्टीने अचानक माघार घेतल्यामुळे सतरा पिराजी पडून होते.

व्यंकट बराच वेळ ओट्यावर बसून म्हशीकडे एकटक बघत राहिला. तिची कास बघितली, शिंगं बघितली, खुरं बघितली. मग मोबाइल खिशातून काढून त्याने हळूच विचारलं,

"दादा, किती लिटर देती ही?"

"चौदा. दुसरं वेत हाय. कामून रे?"

"न्हाई, असंच," व्यंकट म्हणाला. "एका मित्राला पाहिजे."